मोजपट्टी कोणासाठी?

२०२५ च्या वार्षिक परीक्षांच्या तोंडावर महाराष्ट्रातील मुख्याध्यापकांच्या संघटना आणि राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांच्यात जो वाद झाला, तो वरवर पाहता तारखांचा होता. परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षांचे साऱ्या राज्यासाठी एकच वेळापत्रक जाहीर केले आणि त्यासाठी ८ ते २५ एप्रिल हा काळ मुक्रर केला. मुख्याध्यापकांनी विचारले की, २५ एप्रिलला शेवटची उत्तरपत्रिका हाती येणार असेल, तर १ मेच्या निकालाआधी ती तपासून गुण नोंदवायचे कधी? आणि एप्रिलच्या उन्हात लहान मुलांना परीक्षेसाठी बोलवायचे कसे? यावर शासनाचे म्हणणे असे होते की, शाळा परीक्षा लवकर उरकतात, पुढे वर्ग ओस पडतात आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात. त्याला आळा बसला पाहिजे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु महाराष्ट्रात एकच तारीख सर्वांना मानवत नाही, हे शासनाला ठाऊक नाही असेही नाही. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याच्या इतर भागांतील शाळा १६ तारखेस उघडल्या आणि विदर्भातील शाळा २३ तारखेस. उन्हाचा हा भेद शाळा उघडताना मान्य होतो. परीक्षा घेताना मात्र तो विसरला जातो.

तथापि हा वाद केवळ उन्हाचा किंवा उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांचा नव्हता. प्राथमिक शाळेतील मुलाची प्रगती कोणी मोजावी, केव्हा मोजावी आणि त्या मोजमापाचा उपयोग कशासाठी करावा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. गेल्या दहा वर्षांत त्याचे उत्तर राज्य व केंद्र शासनांनी एकाच दिशेने दिले आहे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर चाचण्या सुरू झाल्या. २०१७ मध्ये केंद्राने प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती ठरवून दिल्या. ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरी संपताना मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने अर्थ समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, असे लक्ष्य त्याने घालून दिले. २०२३–२४ पासून महाराष्ट्रात वर्षातून तीन वेळा नियतकालिक मूल्यांकन चाचणी घेतली जाऊ लागली. त्याच २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि त्यात अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी पुनर्परीक्षा असा नियम केला. ही पावले एकेक करून पाहिली तर गैर वाटत नाहीत. ती सारी मिळून एखाद्या शाळेवर जेव्हा उतरतात, तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी मात्र मंत्रालयापासून दूर गेले पाहिजे.

मोशीचा वर्ग

पुणे–नाशिक महामार्गावर, इंद्रायणीच्या काठी मोशी वसलेले आहे. दक्षिणेस भोसरीची औद्योगिक वसाहत, नदी ओलांडली की खेड तालुका आणि पुढे चाकणचे कारखाने. १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर मोशीचा समावेश पिंपरी-चिंचवड महापालिकेत झाला. तोवर ते ग्रामपंचायतीचे गाव होते. आज तेथे जुने वाडे आणि उंच इमारती एकाच नजरेत दिसतात. दगडखाणी आहेत, साऱ्या शहराचा कचरा जेथे येऊन पडतो तो डेपो आहे आणि कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा कोठकोठच्या माणसांना या पट्ट्याने काम दिले. ते काम बहुतांशी कंत्राटी असते. कंत्राट संपले की कुटुंब हलते. खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला तरी हलते. बांधकामाचा मजूर तर इमारत पुरी झाली की उठतोच.

अशा वस्तीतील सार्वजनिक प्राथमिक शाळेचा हजेरीपट वर्षभर एकसारखा राहू शकत नाही. जूनमध्ये नोंदलेली काही मुले मार्चमध्ये तेथे नसतात आणि मार्चमध्ये बसलेली काही मुले जूनमध्ये तेथे नव्हती. या मुलांना दारातून परत पाठवण्याचा अधिकार शाळेला नाही आणि तो असताही कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी प्रवेश द्यावा, असे बजावले आहे. कधीच शाळेत न गेलेल्या मुलास त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवावे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळावे, अशीही तरतूद त्यात आहे. म्हणजे दगडखाणीवर वाढलेले दहा वर्षांचे मूल अक्षरओळख नसतानाही पाचवीत बसू शकते. ही तरतूद न्यायाची आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलास पहिलीच्या बाकावर बसवून लाजवण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

विसंगती सुरू होते ती यानंतर. एक कायदा सांगतो की मूल जेव्हा येईल तेव्हा, जेथून येईल तेथून, त्याला वयानुसार वर्गात घ्या. दुसरा आदेश सांगतो की त्या वर्गातील प्रत्येक मूल ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रेषेवर उभे करा. पहिला आदेश पाळणारी शाळा दुसऱ्यात नापास होते.

समजा, तिसरीच्या एका वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांतील अकरा दिवाळीनंतर आली. त्यांच्यापैकी एक मुलगी आली तेव्हा सुटी अक्षरे ओळखत होती, शब्द जुळवता येत नव्हते. घरची भाषा भोजपुरी. एप्रिलपर्यंत ती मिनिटाला पस्तीस शब्द मराठीत वाचू लागली आणि वाचलेले सांगूही लागली. कोणत्याही जाणत्या शिक्षकाच्या मते त्या वर्गात वर्षभरात झालेले हे सर्वोत्तम काम ठरेल. लक्ष्याच्या तक्त्यात मात्र साठाच्या आत जे काही, ते सारे एकाच रकान्यात पडते. त्या रकान्यात ती मुलगी आणि चार वर्षे त्याच शाळेत बसूनही दुर्लक्षिलेले मूल शेजारी-शेजारी येतात. शिक्षिकेचे श्रम आणि शिक्षकाचा हलगर्जीपणा यांत भेद करता न येणारी मोजपट्टी शाळेविषयी काय सांगणार?

मोशी-चाकणच्या पालकांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्यापैकी कित्येकजण कारखान्यात तयार ‘जॉब’ गेजमध्ये घालून पाहण्याचेच काम करतात. तेथे माप शिस्तीने घेतले जाते, कारण आत येणारे लोखंडही तपासून घेतलेले असते. हलका माल दारातूनच परत जातो. शुल्काची चाळणी लावणाऱ्या शाळांना अशी निवड न सांगता साधते. सार्वजनिक शाळा हे एकच असे ठिकाण आहे की जेथे आत येणारे कोणीही नाकारले जात नाही, आणि कायद्याने नाकारताही येत नाही. तिला कारखान्याचे गेज लावायचे असेल, तर निदान मूल आत आले तेव्हाचे माप आणि आताचे माप यांतील अंतर मोजले पाहिजे.

हा अनुभव नवा नाही

परीक्षेच्या निकालाला शाळेचे भवितव्य बांधण्याचा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांसाठी नवी संहिता आणली. मुलांची हजेरी आणि निरीक्षकापुढे वाचन, लेखन व अंकगणित यांत उत्तीर्ण होणारी मुले यांवर शाळेचे अनुदान ठरू लागले. वर्गाला ‘स्टँडर्ड’ म्हणण्याची रीत त्या संहितेने तेथे रूढ केली. परिणाम असा झाला की, मुलांकडून वाचनाचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ करून घेतले जाऊ लागले. वाचता आले नाही तरी म्हणून दाखवता आले की अनुदान सुटत असे. इतिहास, भूगोल यांसारख्या विषयांना पैसे मिळत नसल्याने ते मागे पडले. स्वतः निरीक्षक असलेले मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर टीका केली. शतक संपण्यापूर्वी तिचा त्याग करावा लागला. पण तोवर ‘निकालानुसार अनुदान’ ही कल्पना मुंबई इलाख्यातही येऊन पोहोचली होती.

त्याच काळात, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. मोजमापाला सरसकट विरोध करणाऱ्यांनी त्यांना आपल्या बाजूस ओढू नये. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या गावच्या मास्तरांना पगाराखेरीज विशेष भत्ता द्यावा, असे त्यांनीच सुचवले होते. वर्षातून एकदा होणारी निरीक्षकाची फेरी निरुपयोगी आहे, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता शाळेस भेट द्यावी, असाही त्यांचा आग्रह होता. परंतु त्याच निवेदनात त्यांनी म्हटले होते की, खेड्यातील शाळांचे विषय मोठ्या गावांतील व शहरांतील शाळांपेक्षा थोडे असले तरी चालतील. ते व्यवहारोपयोगी मात्र तितकेच असावेत. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी व बाळबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा, शेतीची प्राथमिक माहिती असावी, आरोग्य व नीती यांचे धडे मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. अपेक्षा कडक असावी, पण ती मुलाच्या परिस्थितीकडे पाहून ठरावी. आणि तपासणाऱ्याने शाळेत येऊन डोळ्यांनी पाहावे, हा त्यातला भाव आहे. आजच्या तपासणीत यातले नेमके दुसरे अंग हरवले आहे. अधिकारी शाळेत येण्याऐवजी शाळेची माहिती पोर्टलवर जाते.

इतरांनी काय केले

मुख्याध्यापकांचा असा विरोध केवळ महाराष्ट्रातच झाला असेही नाही. न्यूझीलंडमध्ये २०१० पासून पहिल्या आठ वर्षांच्या शालेय शिक्षणासाठी वाचन, लेखन व गणित यांची ‘राष्ट्रीय मानके’ लागू झाली. मुलाचे वर्गीकरण मानकापेक्षा बरेच खाली, खाली, बरोबरीने किंवा वर अशा चार पायऱ्यांत करावयाचे होते. तेथील मुख्याध्यापकांच्या संघटनेने आणि अनेक शाळांच्या व्यवस्थापक मंडळांनी त्यास विरोध केला. पुरेशी चाचपणी न करता ही मानके लादली जात आहेत, पाच-सहा वर्षांच्या मुलावर ‘खालचा’ असा शिक्का बसेल आणि शाळांची एकमेकींशी चुकीची तुलना होईल, असे त्यांचे आक्षेप होते. २०१२ मध्ये शाळावार आकडे प्रसिद्धही झाले. अखेर सत्तांतरानंतर डिसेंबर २०१७ मध्ये ही व्यवस्था रद्द करण्यात आली. ज्यांनी ती रोज राबवायची त्यांचा विश्वास मिळवल्याशिवाय आणलेली मोजमापे सरकारच्या आयुष्याइतकीच टिकतात, एवढा बोध त्यातून घेता येतो. महाराष्ट्रानेही २०२५ मध्येच तो घेतला आहे. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचा एप्रिलमधील निर्णय जूनच्या अखेरीस मागे घ्यावा लागला आणि विषय समितीकडे सोपवावा लागला.

विरोधाची दुसरी बाजू

एवढे म्हणून मुख्याध्यापकांच्या संघटनांना मोकळे सोडणे योग्य होणार नाही. मोजमाप नव्हते तेव्हा सारे आलबेल होते, हा भ्रम आहे. ‘असर’च्या ग्रामीण भारताच्या पाहणीप्रमाणे सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ४४.२ टक्के होते. करोनाकाळातील बंद शाळांनंतर २०२२ मध्ये ते ३८.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४४.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे बऱ्या दिवसांतही निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता मागे होती. ही मुले कोणाची? ज्यांच्या आईवडिलांना शिकवणी परवडत नाही आणि प्रगतिपुस्तकातील शेरा खरा की खोटा हे ज्यांना पारखता येत नाही, त्यांची. ‘नापास करू नये’ या नियमाचा अर्थ कित्येक शाळांनी ‘शिकवले नाही तरी चालेल’ असा लावून घेतला, त्याची किंमत याच घरांनी मोजली. या घरांच्या दृष्टीने चाचणीला विरोध करणारा मुख्याध्यापक आणि आपले अपयश झाकणारा मुख्याध्यापक यांत फरक कसा करावा, याचे उत्तर संघटनांनी दिले पाहिजे. निवेदन देणे, काळ्या फिती लावणे, बहिष्काराची घोषणा करणे यांतून ते मिळत नाही.

संघटनांची एक तक्रार मात्र निर्विवाद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांवर टाकता येतात. प्रत्यक्षात पोषण आहाराचा हिशेब, ‘सरल’ व ‘यू-डायस’वरील नोंदी, आधार जुळवणी, उपक्रमांची छायाचित्रे आणि चाचण्यांचे गुण भरणे यांत शाळेचा मोठा वेळ जातो. त्याच कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो दीडशेहून अधिक पट असेल तेव्हा. लहान शाळांत वर्ग शिकवणाऱ्यालाच शाळेचा कारभार पाहावा लागतो. जो मोजण्यात गुंतला आहे, तो शिकवणार केव्हा, हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तोडगा कोणता?

तेव्हा मानके नकोत, असे म्हणण्यात अर्थ नाही. तिसरीच्या मुलास वाचता आले पाहिजे, ही अपेक्षा मोशीच्या चाळीतील आईचीही आहे, आणि तिच्या मुलाकडून कमी अपेक्षा ठेवणे हा तिचा अपमान होईल. प्रश्न मोजपट्टीच्या वापराचा आहे, आणि त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

राज्याला किंवा देशाला आपल्या शिक्षणाची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर प्रत्येक मुलाची परीक्षा घेण्याची गरज नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झालेल्या ‘परख’ पाहणीप्रमाणे निवडक शाळांतील निवडक मुलांची चाचणी त्यास पुरते. तापमान पाहण्यासाठी साऱ्या अंगाला थर्मामीटर लावावे लागत नाही. उलट, वर्गातील प्रत्येक मुलाची चाचणी व्हावी ती शिक्षकाला उद्या काय शिकवावे हे कळण्यासाठी; तिची तारीख शाळेने ठरवावी, तिचे गुण शाळांची क्रमवारी लावण्यासाठी वापरले जाऊ नयेत. शाळेचा हिशेब घ्यायचाच असेल, तर मूल दाखल झाले त्या दिवशीची नोंद आणि दर तीन महिन्यांनी केलेली नोंद यांतील वाढ पाहावी. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलांचा तक्ता वेगळा असावा आणि त्यांच्यासाठी कायद्याने सांगितलेले विशेष प्रशिक्षण शासनाने खरोखर पुरवले की नाही, याची नोंदही त्याच पानावर व्हावी. शाळेचा हिशेब मागणाऱ्याने स्वतःचाही द्यावा.

याच्या बदल्यात मुख्याध्यापकांनीही काही पत्करले पाहिजे. प्रत्येक मुलाची ही वाढीची नोंद पालकांपुढे उघडी ठेवावी आणि तिची पडताळणी शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने अवचित येऊन, चार मुलांना जवळ बसवून वाचायला सांगून करावी. फुल्यांनी मागितलेली न सांगता होणारी तपासणी ही याहून फारशी वेगळी नाही. जी संघटना असा हिशेब स्वतःहून द्यायला तयार होईल, तिचा विरोध शासनाला झटकून टाकता येणार नाही. जी होणार नाही, तिच्या विरोधाकडे पालकही संशयानेच पाहतील.

प्राथमिक शिक्षणातील अन्याय बहुधा आरडाओरडा करीत येत नाहीत. टक्केवारीच्या धाकाने एखादी शाळा उशिरा आलेल्या मुलास कायद्याने नाही म्हणणार नाही. पण ‘पुढच्या जूनमध्ये या’ असे हळूच सुचवेल, चाचणीच्या दिवशी त्याला घरी थांबायला सांगेल, किंवा त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाच्या हातून उत्तरपत्रिका लिहून घेईल. यांपैकी काहीही राज्याच्या तक्त्यात दिसणार नाही. तेथे आकडा सुधारलेलाच दिसेल. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी बाप मुलीचा हात धरून मोशीच्या शाळेच्या दारात उभा राहील, तेव्हा तिला कोणत्या बाकावर, कोणाशेजारी बसवावे याचा विचार मुख्याध्यापकाच्या मनात यावा. हिच्यामुळे आपला टक्का किती घसरेल, याचा येऊ नये. एवढी खबरदारी जी मोजपट्टी घेईल, ती कोणत्याही सरकारने आणावी. तिला विरोध करण्याचे कारण कोणत्याही मुख्याध्यापकास उरणार नाही.